विश्वासाचा खेळ आणि बुटांचे चौदा जोड

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथीनंतर शाळा सुटली. ऱ्हस्व-दीर्घ शिकवायचं गुरुजींच्या मनात असेलच, तर ते त्यांनी पाचवीसाठी राखून ठेवलं असावं. ज्याच्या हाती ही वही पडेल त्यानं माफ करावं. कुणाच्या हाती पडू नये म्हणून ती मी ज्वारीच्या कणगीमागं ठेवते, पण उंदीर लागले की कणगी हलवावी लागतेच.

चार माणसांत मला बोलता येत नाही. शब्द घशापर्यंत येतात आणि तिथंच बसून घेतात. त्यामुळं मागच्या पावसाळ्यात जे झालं ते आमच्या गटातल्या तेरा जणींनी गावात तेरा तऱ्हांनी सांगितलं, आणि चौदावी मी, जिच्या हातून झालं, ती गप्प राहिले. आता लिहून ठेवते.

आमचा बचत गट चौदा बायकांचा. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी करून आम्ही तुळजापूरच्या दोन दुकानांना देतो. देवीला आलेली माणसं घरी नेतात. नऊ वर्षांत गटात एकच वाद होता, चटणीत लसूण किती, आणि तो मिटावा असं कुणालाच वाटत नव्हतं. त्यावर वेळ बरा जायचा. हजेरी आणि ठराव लिहायचं काम माझ्याकडं. गटात दहावी झालेल्या दोघी आहेत, पण त्या लिहिता लिहिता बोलतात आणि बोललेलं लिहून टाकतात. मी बोलत नाही, म्हणून वही माझ्या हातात दिली.

गटाच्या भाकरीचा मोठा तवा माझ्या थोरल्या जावेचा. तिला मी अक्का म्हणते. तीन वर्षांपूर्वी आमच्या चुली वेगळ्या झाल्या, तेव्हा वाटणीत तवा तिच्याकडं गेला. मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. एकोणीस वर्षं त्या तव्यावर ती थापायची आणि मी भाजायची. मग आठच दिवसांत तिनं तो तवा उचलून गटाला दिला. म्हणाली, "एकटीला लई मोठा हुतोय." तेव्हापासून गटाच्या दिवशी आम्ही दोघी पुन्हा त्याच तव्याशी बसायचो, ती थापायला, मी भाजायला. घरात भिंत झाली होती, तव्याला झाली नव्हती. गट मोडला असता तर तवा अक्काच्या घरी गेला असता, आणि मला तिथं बसायचं कारण उरलं नसतं. माझ्यासाठी गट म्हणजे एवढंच होतं. बचत नंतर.

श्रावणात तालुक्याच्या मॅडमचा अध्यक्षीणबाईंना फोन आला. सगळ्या गटांनी संघबांधणीचं प्रशिक्षण घ्यायचंच आहे.

"आमचा संघ बांधल्यालाच हाय की मॅडम," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "नऊ वरसं झाली."

"असेल हो ताई. पण तो कागदावर कुठंय?"

मग एक फॉर्म आला. प्रत्येकीचं वय, शिक्षण, आजार, पोशाख आणि आवडता खेळ लिहायचा, म्हणजे सहभागींना मानवतील असेच खेळ निवडता येतील. मला तो फॉर्म फार आवडला. सरकारनं पहिल्यांदाच आधी विचारलं होतं. दोन दिवस घरोघर फिरून मी तो भरला. आजाराच्या रकान्यात नऊ ठिकाणी गुडघे आले. पोशाखात तेरा साड्या आणि एक नऊवारी. नऊवारी आमच्या आजींची, गटातल्या सगळ्यांत वयस्कर.

"आजी, आवडता खेळ?"

"झोप लिही."

"खेळ न्हाय तो."

"तुला काय म्हाईत? खेळून बघ एकदा."

अध्यक्षीणबाईंनी कबड्डी लिहायला लावलं. सातवीत असताना त्यांनी एका पोरीचा दात पाडला होता, ते अजून अभिमानानं सांगतात. अक्का भांडी घासत होती. "खेळ? मला खेळायला कोण सोडत हुतं गं, धाकटे? भांडी लिही."

शेवटी खाली थोडी जागा उरली होती. तिथं मी माझ्या मनानं एक ओळ लिहिली : बायकांचे गुडघे दुखतात आणि लाज फार आहे, तरी बसून करायचं काही द्यावं. सरकारला सल्ला द्यायची माझी ती पहिलीच वेळ.

प्रशिक्षण देवळापुढच्या फरशीवर ठरलं. सर लातूरकडचे, पंचविशीतले, गळ्यात शिटी, खिशात फुगे. फार गोड बोलायचे. आल्या आल्या म्हणाले, "चला ताई, सगळ्यांनी उभं राहायचं! आज बसायला बंदी!" मी माझ्या ओळीचा विचार केला आणि तिच्यावर मनातल्या मनात माती लोटली.

पहिल्यांदा प्रत्येकीनं स्वतःबद्दल अभिमानाची एक गोष्ट सांगायची होती. माझी पाळी जवळ आली तशी मी पाण्याची घागर भरायला गेले आणि पाळी पुढं गेल्यावर आले. आजी म्हणाल्या, "म्या अजून जित्ती हाय." त्यावर सरांनी टाळ्या वाजवायला लावल्या. आजींना ते आवडलं नाही. "त्यात टाळ्या काय वाजवायच्या?" त्या म्हणाल्या. "तुमाला काय वाटलं हुतं?"

दुसरा खेळ हातांच्या गाठीचा. सगळ्यांनी गोल उभं राहून समोरच्या कुणाचाही हात धरायचा आणि हात न सोडता ती गाठ उकलायची. पंचमीला भरलेल्या नव्या बांगड्या सगळ्यांच्या हातांत होत्या. एकीनं दुसरीच्या बगलेखालून काढता पाय घेतला आणि काड् काड् झालं.

"फुटल्या का?" सरांनी विचारलं.

सगळ्या एकदम ओरडल्या, "वाढवल्या म्हणा!"

सरांना कळेना. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्यांनी शब्द बदलला पण गाठ सुटेना. शेवटी आजींनी दोन्ही हात सोडून घेतले आणि म्हणाल्या, "सुटली. आता च्या कोण करतंय?" नऊ बांगड्या वाढवल्या होत्या. त्या झाडून कोपऱ्यात लावल्या आणि तिसरा खेळ सुरू झाला.

तिसऱ्या खेळाचं नाव विश्वास. एकीनं पाठ करून उभं राहायचं, हात छातीशी, डोळे बंद, आणि शिटी वाजली की मागं पडायचं. मागच्या बाईनं तिला झेलायचं. सरांनी विचारलं, "एका घरातल्या कुणी आहेत का? त्यांच्यापासून सुरुवात केली तर विश्वास लवकर तयार होतो." बारा बोटं आमच्या दोघींकडं वळली.

अक्का माझ्यापुढं उभी राहिली. तिच्या मानेवरचा तीळ मला पहिल्यांदाच इतक्या जवळून दिसला. ती हळूच म्हणाली, "धर गं नीट. माझं वजन तुला ठावं हाय." आणि तिनं डोळे मिटले. भर दिवसा, चारचौघांत डोळे मिटून उभी राहिलेली अक्का मी कधी बघितली नव्हती. मी दोन्ही हात पुढं केले. सरांनी एका हातात मोबाइल धरला, तोंडात शिटी घेतली आणि वाजवली. अक्का मागं कलली.

त्याच वेळी देवळाच्या कोपऱ्यावरून थोरले दीर म्हैस घेऊन आले. म्हणजे अक्काचे मालक.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्याकडं बायका जमल्या असतील तिथं मोठी पुरुषमाणसं वळणावरून खोकत येतात. एक खोकला आला की आम्ही पदर सारखा करतो, आणि माणूस दिसेपर्यंत सगळं जागच्या जागी असतं. त्या दिवशी थोरले दीर खोकले नाहीत. बायका काय खेळतात ते चोरून बघायचं असावं. माणूस एकदम पुढ्यात, आणि तोही दीर! माझे हात माझे राहिले नाहीत. दोन्ही हात डोक्यावर गेले, पदर कपाळापर्यंत ओढला, मान खाली घातली. आजी सोडून सगळ्यांनी हेच केलं. आणि आम्ही सगळ्या अशा मर्यादेनं उभ्या असताना अक्का फरशीवर पडली.

उजवं मनगट खाली आलं. थोरले दीर म्हैस सोडून धावले, रिक्षा बोलावली आणि तिला धाराशिवला नेलं. म्हैस तिची ती घरी गेली. मनगटाला बारीक चीर होती, प्लास्टर घातलं.

सर घाबरले होते, पण अहवाल तर लिहायचा होता. त्यात अपघाताचं कारण आलं : सहभागी अनवाणी होत्या. देवळापुढं चपला घालून कोण उभं राहणार? पण कारण कागदावर आलं म्हणजे ते खरं. मॅडमचा फोन आला की दुसरा टप्पा होईल तेव्हा सगळ्यांच्या पायात बूट पाहिजेत, घेऊन टाका, बिल जोडा, पैसे मिळतील. अध्यक्षीणबाईंनी धाराशिवच्या बाजारातून पांढऱ्या कापडी बुटांचे चौदा जोड आणले. गटाच्या फंडातून चार हजार दोनशे रुपये गेले. ठराव मी लिहिला. बिलावर गटाची खजिनदार म्हणून अक्कानं डाव्या हातानं सही केली, आणि सही करताना माझ्याकडं बघितलं नाही.

ती मला काही बोलली नाही, हेच वाईट. रोज सकाळी भिंतीपलीकडून "धाकटे, च्या झाला का?" असा आवाज यायचा. तो बंद झाला. मी एकदा चहाचा कप घेऊन दारात गेले. "अक्का, मी त्या दिवशी..." इथपर्यंत आले आणि अडकले. पुढचं वाक्य थोरल्या दिरांवर जात होतं. भावजी न खोकता आले म्हणून तुम्ही पडलात, हे त्यांच्याच दारात, त्यांच्याच बायकोला कसं सांगायचं? एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी तोंडानं कधी बोलले नाही. अक्का म्हणाली, "हात ठणकतोय. निजते मी." चहा मीच प्याले, तिच्या ओट्यावर उभ्यानं.

मी गप्प, म्हणून बाकीच्यांनी कारण शोधलं. कुणीतरी म्हणालं, वाटणीत तवा गेला त्याचा राग धाकटीनं काढला. सहा जणींना ते पटलं. पाच जणी म्हणाल्या, हात निसटला असेल. आजी म्हणाल्या, "मला काय ठावं, म्या म्हशीकडं बघत हुते." पण सगळ्यांच्या माना खाली होत्या, माझे हात कुठं गेले ते कुणी बघितलं नव्हतं. जिनं डोळे मिटले होते तिला म्हैस दिसली नव्हती, आणि मी, जिला सगळं ठाऊक होतं, ती बोलले नाही. भाकरीच्या दिवशी सहा जणी एका भिंतीला आणि पाच जणी दुसऱ्या. मधे तवा. मी भाजत होते, थापायला दुसरीच होती आणि तिच्या भाकरी कडेला फाटत होत्या. संघबांधणीआधी नऊ वर्षं आमचा संघ एक होता. बांधल्यापासून दोन झाले.

बिलाचे पैसे काही आले नाहीत. भादव्यात आम्ही पाच जणी एसटीनं तालुक्याच्या कार्यालयात गेलो. खजिनदार म्हणून अक्काला यावंच लागलं. ती पुढच्या सीटवर बसली, मी मागच्या.

मॅडमनी बिल उलटून पालटून बघितलं. "ताई, बूट प्रशिक्षण साहित्यात बसत नाहीत."

"तुमीच सांगितलं घ्या म्हणून," अध्यक्षीणबाई म्हणाल्या.

"घ्या म्हणाले. बसतात म्हणाले का? दोरी बसते, चेंडू बसतो, फुगे बसतात."

"मग चार हजार दोनशेचे फुगे घेतले असते आमी!"

"तसं बिल आणलं असतंत तर बघितलं असतं." मॅडम वाईट नव्हत्या, त्यांनी आम्हाला चहा मागवला. मग म्हणाल्या, दिवाळीच्या आत तपासणी आहे. फंडात खड्डा दिसला तर गटाची श्रेणी खाली जाईल, आणि श्रेणी गेलेल्या गटाला सरकारनं दिलेलं चटणीचं यंत्र काढून दुसऱ्या गटाला देतात. "तेवढे भरून टाका. आणि दुसऱ्या टप्प्याचा उपक्रम या वेळी तुम्हीच निवडा, सहभागींना मानवेल असा. वरून तसं आलंय. आणि अहो, तुमचा फोटो बघितला का? फार गाजला!"

भिंतीवर हा मोठा फ्लेक्स होता. वर लिहिलेलं : विश्वास हाच संघाचा पाया. खाली आमचं देऊळ. अक्का हवेत तिरकी, डोळे मिटलेली, चेहऱ्यावर कधी न बघितलेली शांती. तिच्या मागं मी, दोन्ही हात डोक्यावर. आणि माझ्या मागं ओळीनं सगळ्या, दोन्ही हात डोक्यावर, माना खाली, जशी आरती चालू आहे. आजी तेवढ्या उजवीकडं बघत होत्या. आणि उजव्या कडेला म्हशीचं तोंड, तिच्यामागं धोतराचा एक सोगा.

अक्का त्या फ्लेक्सपुढं उभी राहिली. चहा गार झाला तरी हलेना.

"कसा वाटला?" मॅडमनी विचारलं.

"ही म्हैस आमची हाय," अक्का म्हणाली.

परतीच्या एसटीत ती येऊन माझ्या शेजारी बसली. मग म्हणाली, "धाकटे, तुझे हात कुठं हुते गं?"

"डोक्यावर."

"आणि ह्या बाकीच्यांचे?"

"डोक्यावरच."

"ते खोकले न्हाईत?"

मी मान हलवली. भावजींबद्दल माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं गाऱ्हाणं, तेही मानेनं.

"एक महिना झाला," ती म्हणाली. "एक महिना म्या भाजीत पळी हालवाया शेजारणीला बोलावते, आणि ह्ये रोज इचारतात, कशी गं पडलीस? आज घरी गेले की बघते दोघांकडं. आधी म्हशीकडं."

मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही पदरात लपवलं. पदर एवढ्यासाठी बरा.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून जे ऐकू आलं ते मी लिहीत नाही. थोरल्या दिरांचा मान आहे.

आता खड्डा भरायचा राहिला होता. बैठकीत सहा जणी म्हणाल्या, बूट परत करा. पण बूट आजी सोडून सगळ्यांनी घरात एकदा तरी घालून बघितले होते आणि शेणाचे डाग पडले होते. पाच जणी म्हणाल्या, ज्यांनी आणले त्यांनी भरावं. अध्यक्षीणबाई लाल झाल्या. तेव्हा अक्का म्हणाली, "सोयाबीन काढाया आलंय. वढ्याकडच्या मळ्याचं तीन एकर गुत्तं घेऊ. बूट घाला आणि चला."

सोयाबीन कापलेल्या रानात धसकटं सुईसारखी असतात. चपलेच्या कडेनं शिरतात आणि टाचा रक्ताळतात. त्या रानात बूट कुणी घालून गेलं नव्हतं, कारण बूट कुणाकडं नव्हते. खोलीत पहिल्यांदाच दोन्ही भिंतींच्या बायकांनी एकाच वेळी माना डोलावल्या. गुत्तं ठरलं, म्हणजे एकराला किती ते आधी ठरवून अंगावर घेतलं. मी दुसऱ्या टप्प्याच्या फॉर्मवर उपक्रमाच्या रकान्यात लिहिलं : सोयाबीन काढणी, पात धरून.

पात म्हणजे प्रत्येकीनं घ्यायची चार सऱ्यांची पट्टी. सगळ्या एका बांधावरून सुरू करतात, विळ्यानं कापत दुसऱ्या बांधाला पोचायचं. जी आधी पोचते ती बसत नाही. सगळ्यांत मागं कोण आहे ते बघते आणि त्या बाईच्या पातीला पलीकडच्या टोकाकडून लागते, उलटी कापत तिच्याकडं येते. तिच्या शेजारी जाऊन नाही, तसं केलं तर तिचा अपमान होतो. पलीकडून आलं की मदत वाटत नाही, भेट वाटते. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही आणि त्याला शिटी लागत नाही.

सर पहिल्या दिवशी सकाळी आले. पायात सँडल. "छान! आता आपण अ आणि ब असे दोन गट करू!"

"करू नका," अध्यक्षीणबाई म्हणाल्या. "लई कष्टानं एक केलाय."

सर दहा पावलं रानात आले आणि धसकट अंगठ्यात गेलं. आजी पाण्याची कळशी घेऊन बांधावर होत्या. त्यांनी आपले बूट नातीच्या लग्नात घालायचे म्हणून खोक्यातच ठेवले होते, आणि खोकं सोबत आणलं होतं. त्यांनी ते उघडून सरांना दाखवलं. "नव्वी हायत. पाय बारीक असता तर दिली असती." सर त्यांच्या शेजारी बसून अंगठा दाबत राहिले.

दुपारी भाकरी खाताना मी त्यांच्या पानात चटणी वाढली. काय अंगात आलं कोण जाणे, विचारलं, "सर, तो फॉर्म मिळाला हुता का?"

"कुठला फॉर्म, ताई?"

"गुडघ्यांचा."

ते खरंच आठवत बसले. मग म्हणाले, "फॉर्म आमच्याकडं येतच नाहीत, ताई. खेळ वरून छापून येतात. सगळ्या गावांना तेच तीन. मी नाही निवडत." थोड्या वेळानं हळूच म्हणाले, "माझं प्रवासाचं बिलपण बसलं नाही अजून." मला त्यांचं वाईट वाटलं. आणखी एक भाकरी दिली.

अक्काचं प्लास्टर निघून चारच दिवस झाले होते. नेहमी सगळ्यांच्या पुढं असणारी तिची पात त्या दिवशी सगळ्यांच्या मागं होती. विळा धरला की मनगट थरथरायचं, दर हातभरावर थांबायची. मी पोचले तेव्हा माझ्या आधी पोचलेल्या तिघी बांधावर उभ्या होत्या, तिच्या पातीकडं बघत, पण कुणी लागत नव्हतं. त्या मला जागा सोडून उभ्या होत्या. मी तिच्या पातीच्या टोकाला गेले आणि उलटी कापत निघाले. मान वर केली नाही. मग तिचे पांढरे बूट दिसले, एकावर शेणाचा डाग. मधे दोन हात सोयाबीन उरलं होतं.

"या बारीला हात खाली हायत तुझे," अक्का म्हणाली.

"धाकटीचं काय सांगावं," सहा जणींतली एक बांधावरून म्हणाली. "म्हैस आली तर?" सगळ्या हसल्या. पहिल्यांदाच अकरा जणी एकाच गोष्टीला हसल्या.

तेवढ्यात ओढ्याच्या वळणावर थोरले दीर चहाची किटली घेऊन दिसले. बारा हात विळ्यांसकट पदराकडं निघाले. अक्का अशी ओरडली की बगळे उडाले.

"लांबनंच खोका वो! हितं समद्यांच्या हातात विळे हायत!"

थोरले दीर जागीच थांबले. किटली खाली ठेवली, आमच्याकडं पाठ केली आणि खोकले. एकदा नाही, चांगले पाच-सहा वेळा, क्षयाच्या माणसासारखे. आम्ही विळे खाली ठेवले, पदर सारखे केले. मग ते आले. सर वहीत काहीतरी लिहीत होते. मी चहा द्यायला गेले तेव्हा दिसलं : सुरक्षा सूचना क्रमांक एक, खोकला. ते वर गेलं की नाही मला माहीत नाही. बसलं नसावं.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी रान मोकळं झालं. मळ्याच्या मालकानं पैसे दिले ते घेऊन आम्ही तशाच, बुटांसकट, देवळाकडं गेलो आणि बूट बाहेर काढून फरशीवर बसलो. तपासणीला अजून आठ दिवस होते. अध्यक्षीणबाईंनी आधी फंडाचे वेगळे काढले, मग उरलेल्याचे चौदा वाटे केले. आजींनी आपला वाटा घेतला आणि विचारलं, "म्या तर पाणीच पाजलं की." अध्यक्षीणबाईंनी पुढचा वाटा मोजायला घेतला.

मी वहीत जमा लिहिलं. अक्कानं पैसे स्वतः मोजले, दोनदा, मधे थांबून मनगट चोळत. मग वही पुढं ओढून उजव्या हातानं सही केली. सही वाकडी आली, माझ्या अक्षरासारखी. चार हजार दोनशे, सगळे भरले.